मुठीमुठीने उभी राहिलेली शाळा
रयत शिक्षण संस्थेची शंभर वर्षे : १९१९ ते २०१९

संस्थेच्या इतिहासात मोठी नावे पुष्कळ आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या पाट्यांवर ती वाचायला मिळतात. पण सुरुवातीची कित्येक वर्षे ज्यांच्या धान्यावर बोर्डिंगची चूल पेटली, त्या आयाबायांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत. पहाटे जात्यावर बसताना सुपातली एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची, एवढेच त्यांनी केले. त्या मुठींच्या जोरावर संस्था शंभर वर्षांची झाली, अशी आमची धारणा आहे. म्हणून शताब्दीच्या या लेखात व्यक्तींपेक्षा गावांबद्दल अधिक लिहिले आहे. नावे येतील, पण ती गावांच्या सोबतीने.

पूर्वपीठिका

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले, तेव्हा तिथे राजर्षी शाहू महाराजांचा काळ होता. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर त्याने राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न महाराजांनी ओळखला आणि १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली. १९१७ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणला. भाऊराव मॅट्रिक झाले नाहीत, पण वसतिगृह म्हणजे काय हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. कोल्हापूरची वसतिगृहे बहुतांशी जातवार होती. सगळ्या जातींची मुले एकाच छपराखाली आणि एकाच पंगतीत का नकोत, हा पुढचा प्रश्न भाऊरावांचा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराने त्यांना तो विचारायला लावला.

पुढे पोटासाठी त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून काम केले. या फिरतीने त्यांना सातारा आणि आसपासचा मुलूख दाखवला. नांगर दाखवायला गेलेला माणूस शेतकऱ्याच्या ओट्यावर बसतो, त्याची भाकरी खातो, त्याच्या कर्जाची कहाणी ऐकतो. कागदावर अंगठा उठवून जमीन गमावलेली माणसे त्यांना गावोगाव भेटली. त्याआधीच, १९०९ च्या सुमारास, दुधगावात मित्रांच्या साथीने त्यांनी विद्यार्थी आश्रम सुरू केला होता. घरोघरी मूठ-मूठ धान्य जमवण्याची ‘मुठी फंडा’ची रीत तिथली. तालीम झाली होती, आता संस्था काढायची होती.

१९१९ ते १९२९ : काल्याचे बीज, साताऱ्याचे बोर्डिंग

४ ऑक्टोबर १९१९. विजयादशमीचा दिवस. कराड तालुक्यातल्या काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. हाती इमारत नव्हती आणि गंगाजळीही नव्हती. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी लावावी, गरिबांच्या मुलांची शिकण्याची सोय करावी, निरनिराळ्या जातींच्या मुलांमध्ये बंधुभाव वाढवावा, घातक रूढींना आळा घालावा, असे उद्देश ठरले. काल्यापाठोपाठ वाळवा तालुक्यातील नेर्ले येथेही वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी तिथे बोर्डिंग सुरू झाले.

मुठी फंडाबद्दल इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आजच्या पिढीला जातेच माहीत नाही. घरात दररोज पहाटे दळण असे. जोंधळा सुपात घेतला की त्यातली एक मूठ वेगळी काढायची आणि बोर्डिंगच्या नावाने ठेवलेल्या गाडग्यात टाकायची. रोजची मूठ घरातल्या कोणाला जाणवत नसे. आठवड्याने मुले झोळी घेऊन दारोदार जात आणि गाडगी रिकामी करून आणत. मोठ्या वाड्यातली मूठ आणि खोपटातली मूठ एकाच पोत्यात पडे. गरिबालाही देता यावे असे दान शोधून काढणे, ही आमच्या मते या काळातली सर्वांत मोठी कमाई आहे. कारण जिने मूठ घातली, तिला दुसऱ्या दिवशी आपला पोरगाही तिथे पाठवावासा वाटू लागला. वर्गणीपेक्षा हे मोल मोठे होते.

बोर्डिंगात नोकरचाकर नव्हते. पाणी भरण्याची, जळण आणण्याची, दळणाची, भाकऱ्या भाजण्याची आणि भांडी घासण्याची अशा पाळ्या लावलेल्या असत. सुरुवातीला ज्याला भाकरी थापता येत नसे त्याची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तुटे, आणि तशीच ती ताटात पडे. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण, धनगर, रामोशी अशी मुले एका ओळीत बसत. ज्या काळात पाणवठे वेगळे होते आणि शाळेत अस्पृश्य मुलाला उंबऱ्याबाहेर बसवत, त्या काळात साताऱ्यासारख्या गावात हे चालवणे सोपे नव्हते. नातलगांनी पाठ फिरवली, काही पालक मुलांना घरी घेऊन गेले. पण जी मुले राहिली, त्यांना पुन्हा वेगळे जेवायला सांगण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

या घराच्या गृहिणी होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुलांच्या ‘वहिनी’. त्यांचे माहेर सुस्थितीतले, संस्कार सोवळ्याओवळ्याचे. त्यांनी सोवळे सोडले आणि सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने वाढले. आजारी मुलाच्या उशाशी त्या बसत. भाऊराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, फिरतीवर आणि कोठीत धान्य नाही, असे प्रसंग वारंवार येत. तेव्हा वहिनींच्या अंगावरचा एकेक दागिना मोडला गेला. शेवटी मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचे मोठेपण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या नावाने पुढे जी शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली, तिच्या कर्जावर किती मुले उच्च शिक्षणाला गेली, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले. त्यांच्या हस्ते बोर्डिंगचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. शाहू महाराज जाऊन तेव्हा पाच वर्षे होत आली होती. ज्यांच्या कोल्हापुरात अण्णांनी वसतिगृहाचा धडा घेतला, त्यांचे नाव. नाव देणारे गांधीजी. आणि घरात चालवलेला फुल्यांचा विचार. या तिन्ही धारा साताऱ्याच्या त्या बोर्डिंगात एकत्र आल्या.

१९३० ते १९३९ : शिक्षक घडवण्याचे दशक

१९३२ मध्ये पुण्याला युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. त्याच वर्षी येरवड्यात पुणे करार झाला होता, आणि या बोर्डिंगचे नाव त्या कराराने साधलेल्या ऐक्याची आठवण म्हणून ठेवले गेले. साताऱ्यात धनिणीच्या बागेतले शाहू बोर्डिंग भरत चालले होते. मुले बोर्डिंगात राहून गावातल्या शाळांत शिकत. पण बोर्डिंगात येईल तो मुलगा आधी गावात चार इयत्ता शिकलेला तर हवा! वाड्या-वस्त्यांवर शाळाच नव्हत्या. शाळा काढायच्या तर मास्तर हवेत, आणि डोंगरातल्या वाडीवर राहायला शहरातला मास्तर तयार नसे.

म्हणून १९३५ मध्ये साताऱ्याला सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाला त्या वर्षी २५ वर्षे झाली होती, म्हणून हे नाव. स्वातंत्र्यानंतर त्याच संस्थेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. खेड्यातलाच मुलगा शिकवून खेड्याला मास्तर म्हणून परत द्यायचा, हा इथला शिरस्ता. त्याला शिकवण्याबरोबर शेतीकाम, सफाई आणि गावकऱ्यांशी बोलण्याची हातोटीही शिकवली जाई. याच वर्षी संस्थेची रीतसर नोंदणी झाली.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त सरकार आले. खेड्यांत खासगी प्रयत्नाने चालणाऱ्या व्हॉलंटरी शाळांना अनुदान देण्याचे धोरण पुढच्या वर्षी आखले गेले. संस्थेने ही संधी दोन्ही हातांनी घेतली. जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा वाड्या शोधल्या गेल्या. व्हॉलंटरी शाळा उघडायला फार काही लागत नसे. गावाने जागा द्यायची. ती बहुधा देवळाचा सभामंडप, चावडी किंवा कोणाची तरी पडवी असे. मास्तरच्या राहण्या-जेवणाची सोय गाव पाहायचे, एकेका घराची पाळी लागे. मास्तर एकटाच, चारही इयत्ता त्याच्याच. खडू-फळा येईपर्यंत धुळीत अक्षरे गिरवून काम भागे. सुगीच्या दिवसांत मुले शेतावर जात, मग मास्तर संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात वर्ग घेई. अनुदान वेळेवर न आले की गाव त्याला सांभाळून घेई.

१९४० ते १९४९ : कमवा आणि शिका

बघता बघता व्हॉलंटरी शाळांची संख्या ५७८ वर गेली. एका खासगी संस्थेने, तीही शेतकऱ्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या, एवढ्या प्राथमिक शाळा चालवाव्यात, याचे आजही नवल वाटते. या शाळांतल्या मास्तरांपैकी फार थोड्यांची नावे आज माहीत आहेत. पावसाळ्यात ओढे ओलांडून वाडीवर जाणारे, पटावर मूल दिसले नाही की थेट त्याच्या घरी जाऊन बापाची समजूत घालणारे हे लोक. संस्थेचा खरा विस्तार त्यांनी केला. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात हे ओळखून जिजामाता अध्यापिका विद्यालयाचीही उभारणी झाली.

१९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. बडोद्याच्या सयाजीरावांचे नाव दिलेली ही शाळा मोफत होती, निवासी होती आणि श्रमावर चालत होती. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाचा पक्का पाया इथे घातला गेला. ज्याच्याकडे फी नाही त्याने लाजायचे कारण नाही, त्याने काम करावे. मुलांनी जमीन समतल केली, विहिरी खोदल्या, दगड फोडले, भाजीपाला पिकवला, जनावरे राखली. सकाळी कुदळ आणि दुपारी पुस्तक. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे शब्द आज प्रत्येक शाखेच्या भिंतीवर आहेत. ते आधी मुलांच्या हातांवरच्या घट्ट्यांत उमटले होते.

१९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात संस्थेचे कित्येक विद्यार्थी चळवळीत होते. त्यातले बरेच जण पुन्हा वर्गात आले, काही आले नाहीत.

१९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. खेड्यातल्या गरीब मुलाला पदवीपर्यंत नेणारे, श्रमावर आधारलेले हे महाविद्यालय. या कॉलेजची एक हकिगत संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, अट एकच, कॉलेजला आपले नाव द्यावे. अण्णांनी त्यांना सांगितले की एक वेळ स्वतःच्या बापाचे नाव बदलीन, पण शिवछत्रपतींचे नाव बदलणार नाही. संस्थेला पैशाची नड असतानाची ही गोष्ट आहे. देणगी हवी, पण देणगीने संस्थेची दिशा ठरू नये, ही शिस्त तेव्हापासूनची.

स्वातंत्र्यानंतर लगेचच एक कठीण पर्व आले. १९४८ मध्ये सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान थांबले. तो वाद आज उगाळण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंची माणसे देशासाठीच झटणारी होती, आणि पुढे अनुदान सुरूही झाले. नोंदवायचे ते इतकेच की पगार थकले तरी शिक्षक जागचे हलले नाहीत, आणि गावांनी पुन्हा पोती उघडली. शेतकऱ्यांच्या वर्गणीवर संस्था जगू शकते, हे त्या दिवसांत सिद्ध झाले.

१९५० ते १९५९ : हायस्कुले आणि अण्णांचा निरोप

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प अण्णांनी सोडला होता. प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी आता सरकार आणि लोकल बोर्डे घेऊ लागली होती. संस्थेच्या व्हॉलंटरी शाळा त्यांच्याकडे सोपवण्यात आल्या. स्वतः उभ्या केलेल्या शाळा दुसऱ्याच्या हाती देताना संस्थेने खळखळ केली नाही. त्या चालाव्यात, एवढेच पाहिले. मोकळी झालेली शक्ती हायस्कुलांकडे वळली.

हायस्कूल मिळवण्यासाठी गावे साताऱ्याला शिष्टमंडळे आणू लागली. संस्थेची अट सोपी होती. जागा, खोल्या आणि सुरुवातीचा खर्च गावाने उचलायचा, शिक्षक आणि कारभार संस्थेचा. वर्गणी रोखीत कमीच येई. कोणी धान्य देई, कोणी गुळाची ढेप, कोणी वाशासाठी झाड. ज्याच्याकडे बैल होते त्याने दगडाच्या गाड्या ओढल्या, ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याने पाया खणला. आसपासच्या चार गावांनी मिळून एकाच्या हद्दीत शाळा बांधावी, हे सहज घडत नाही. शाळा कुणाच्या शिवारात, यावरून बोलाचाली झाल्याच. पण बहुतेक ठिकाणी इमारतीचे दार बसेपर्यंत त्या मिटल्या होत्या.

१९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि पुढच्या वर्षी साताऱ्याला आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. गाडगेबाबा आणि अण्णा हे दोघेही गावकऱ्यांच्या दारात झोळी घेऊन उभे राहिलेले. शहरापेक्षा खेड्यावर त्यांचा अधिक विश्वास होता.

१९५९ च्या प्रजासत्ताकदिनी भारत सरकारने अण्णांना पद्मभूषण दिले. पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाचा हा सन्मान संस्थेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपला वाटला. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेच्या नावावर ३८ वसतिगृहे, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये आणि ३ महाविद्यालये जमा होती.

१९६० ते १९७९ : पांगलेल्या पारंब्या

अण्णांच्या मागे संस्था टिकेल का, अशी शंका पुष्कळांनी बोलून दाखवली होती. ती खोटी ठरली, कारण अण्णांनी माणसे तयार केली होती. संस्थेच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कायद्याच्या कामात आणि संकटकाळी उभे राहिलेले इस्माईलसाहेब मुल्ला यांच्या नावाने साताऱ्यात विधी महाविद्यालय आहे. शेकडो आजीव सेवक, हेडमास्तर, रेक्टर आणि शिपाई यांनी संस्था ओढली, आणि त्यात कोणाचा वाटा किती याचा हिशेब त्यांनी मागितला नाही.

या दोन दशकांत संस्था सातारा-सांगलीबाहेर आणखी पसरली. नगर, पुणे, सोलापूर, कोल्हापूर, रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत शाखा वाढल्या. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आला, आणि त्यातला काही शाळेकडे वळला. आर्थिक दुर्बलांना फीमाफी देण्याचे राज्य सरकारचे धोरणही उपकारक ठरले. १९७२ च्या दुष्काळात बाप खडी फोडायला गेला असताना मुलगा वसतिगृहात दोन वेळा जेवत होता. त्या पिढीतले पुष्कळ लोक आज संस्थेचे देणगीदार आहेत. १९७९ मध्ये वाशीला कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज सुरू झाले आणि संस्थेने नव्या मुंबईत पाय ठेवला.

१९८० ते १९९९ : मुलींची गर्दी

या काळाचे वर्णन एका वाक्यात करायचे तर वर्गातल्या मुलींचे बाक भरले. शाळा गावातच असली की आईबाप मुलीला सातवीनंतर घरी बसवत नाहीत, हा अनुभव गावोगाव आला. तालुक्याला पाठवायला जे तयार नसत, तेही गावच्या हायस्कुलात मुलीला दहावीपर्यंत ठेवू लागले. पुढे मुलींसाठी वसतिगृहेही वाढली.

विनाअनुदान शिक्षणाचे वारे याच काळात जोरात वाहू लागले. शिक्षण हा व्यवसाय नाही ही भूमिका सोडायची नाही, असा आग्रह प्रा. एन. डी. पाटील यांनी संस्थेच्या चेअरमनपदावरून सातत्याने धरला. पन्नाशीच्या दशकात ते शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांचे रेक्टर होते. त्या मुलांचे जगणे त्यांनी जवळून पाहिले होते.

२००० ते २०१९ : शताब्दीच्या उंबरठ्यावर

आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातही त्या पसरल्या आहेत, आणि सुमारे साडेचार लाख विद्यार्थी त्यांत शिकतात. संस्थेचे अध्यक्ष श्री. शरद पवार यांच्या मार्गदर्शनाखाली संगणक प्रयोगशाळा, स्पर्धा परीक्षा केंद्रे, संशोधन आणि कौशल्य शिक्षण यांकडे लक्ष दिले जात आहे. महाविद्यालयांतून ‘कमवा आणि शिका’ योजना सुरू आहे. कुदळीच्या जोडीला आता ग्रंथालयातले, कार्यालयातले आणि प्रयोगशाळेतले काम आले आहे.

पगार सरकार देते, इमारत मात्र अजूनही बऱ्याच अंशी लोकांना बांधावी लागते. एखादी माजी विद्यार्थ्यांची तुकडी एक खोली बांधून देते, निवृत्त शिक्षक फंडातली रक्कम ठेव म्हणून ठेवतो, रयत सेवक आपल्या पगारातून कृतज्ञता निधी देतात. दर वर्षी ९ मे रोजी साताऱ्यात संस्थेची सर्वसाधारण सभा भरते, तेव्हा लाखाचा धनादेश देणारा आणि पेन्शनमधले पाच हजार देणारी निवृत्त बाई एकाच रांगेत उभी असतात.

वसतिगृहांत आज येणारी मुले वेगळी आहेत. दुष्काळी तालुक्यांतली, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची, आदिवासी पाड्यांवरची, वीटभट्टीवरची. कोयता घेऊन टोळी निघाली की मूल सोबत जाते आणि त्याचे सहा महिन्यांचे शिक्षण बुडते. त्याला गावातच ठेवायचे तर त्याच्या दोन वेळच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय हवी. म्हणजे कामाचे स्वरूप १९१९ चेच आहे. वाड्यांवरचे पट घटत आहेत, ऐपत असलेले पालक मुलांना इंग्रजी शाळांच्या बसमध्ये बसवत आहेत, आणि गावच्या शाळेत उरतात ती गरिबांची मुले. ती उरतात तोवर ती शाळा बंद पडता कामा नये, हे आम्ही ठामपणे म्हणतो. संस्थेकडे जमणाऱ्या निधीतला वाटा आधी अशा शाखांच्या दुरुस्तीला आणि वसतिगृहांच्या कोठीला मिळावा, अशी या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व माजी विद्यार्थ्यांना आणि ग्रामस्थांना आमची विनंती आहे. रोख रकमेबरोबर धान्यही स्वीकारले जावे आणि जवळच्या शाखेतूनच ते वसतिगृहात पोचते व्हावे, असेही आम्ही सुचवतो.